जाऊबाई पॉलिसीत बसत नाहीत

मागच्या महिन्यात या सदरात सहज एक ओळ टाकली होती : सहल रद्द झाली आणि पैसे अडकले असं कुणाचं काही असेल तर कळवा. ओळ टाकताना वाटलं, दोन-तीन पत्रं येतील. पोस्टमन आता अंगणातूनच हाक मारतो, पडवीपर्यंत येण्याइतका त्याला वेळ नसतो. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पाच पत्रं निवडली आहेत, सगळी प्रवासाच्या विम्याबद्दलची. पहिलं मोठं आहे, कारण त्यात अडकलेली रक्कमही मोठी आहे.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. आंब्याचा हिशेब मिटला की आम्ही कुठेतरी जातो. या वर्षी आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे पाच जण १२ जूनला सिंगापूर-मलेशियाला निघणार होतो. ३ तारखेला आई विहिरीच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापूरला ऑपरेशन करावं लागलं. सहल रद्द केली. टूरवाल्याने पाच जणांचे मिळून ४ लाख ९० हजार घेतले होते, त्यातले १ लाख ४० हजार परत दिले. विमा पाचही जणांचा होता. कंपनीने पाचही क्लेम एकाच पत्राने नाकारले. म्हणे आईला आधीपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे आणि आम्ही तो लपवला. ताई, साखरेने हाड मोडतं का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : भाऊ, आईंचं हाड शेवाळाने मोडलं हे तुम्हालाही कळतं आणि कंपनीलाही. पण कंपनीचं पत्र नीट वाचा. साखरेने हाड मोडलं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तुम्ही डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पाठवलीत हे फार बरं केलंत. भिंग घेऊन वाचली. दुसऱ्याच ओळीत डॉक्टरांनी लिहिलंय : 'के/सी/ओ डीएम, एचटीएन, दहा वर्षं.' के/सी/ओ म्हणजे 'नोन केस ऑफ', अमुक आजाराचा जुना रुग्ण. डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन म्हणजे रक्तदाब. क्लेमच्या टेबलावरचा माणूस ऑपरेशन कसलं झालं ते नंतर बघतो, आधी ही तीन अक्षरं शोधतो. विमा कंपनीच्या रत्नागिरीच्या शाखेत एकतीस वर्षं मी हेच करत होते, त्यामुळे त्याला शिव्या देण्याचा अधिकार मला नाही.

आता इथे दोन वेगळ्या गोष्टींची गुंतवळ झाली आहे, ती सोडवू. पॉलिसीत एक कलम असतं की जुन्या आजारातून जे उद्भवेल त्याचे पैसे मिळणार नाहीत. ते कलम तुम्हाला लागू व्हायचं काही कारण नाही, कारण पडणं हा अपघात आहे. दुसरं कलम माहिती दडवण्याचं. फॉर्ममध्ये 'कुठला आजार आहे का' असं विचारलं होतं आणि समोर 'नाही' लिहिलं गेलं. तुम्ही पत्रात म्हणता की फॉर्म टूरवाल्याच्या ऑफिसातल्या मुलाने भरले, तुम्ही फक्त सह्या केल्यात. खरं असणार. पाच फॉर्म त्याने एका दमात भरले असतील आणि आजाराच्या रकान्यात पाचही ठिकाणी 'नाही' ठोकलं असेल. पण सही केली म्हणजे ते उत्तर आपलं झालं. आईंच्या क्लेमला हे दुखणं राहणार. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र आणा, की मोड ही पडल्यामुळे झाली, मधुमेह किंवा रक्तदाबाने चक्कर येऊन पडल्याची नोंद नाही. तशी नोंद खरंच नसेल तरच. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, केसपेपर कंपनी मागवते.

उरलेल्या चौघांचं मात्र प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे कंपनीने तुम्हाला सरळसरळ गुंडाळलंय. प्रत्येकाची पॉलिसी स्वतंत्र. तुम्ही काय लपवलंत? काही नाही. तुमची सहल रद्द झाली ती जवळच्या नातलगाला दवाखान्यात दाखल करावं लागलं म्हणून, आणि हे कारण तुमच्या पॉलिसीच्या यादीत छापलेलं आहे, पान ११ वर. तुमच्यासाठी ती आई, पत्नीसाठी सासू. दोन्ही नाती व्याख्येत आहेत, मी बघितलं. मुलांसाठी ती आजी. आजी व्याख्येत नाही. तरीही मुलांचे क्लेम सोडू नका : आई स्वतः बरोबर येणार होती, आणि 'सहप्रवासी दाखल झाल्यास' अशीही एक ओळ त्याच पानावर आहे. नात्यातून नाही तर त्या दारातून आत शिरा.

आता रकमेबद्दल, म्हणजे आधीच मनाची तयारी होईल. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ५० हजार डॉलर असं ठळक छापलंय. तो आकडा परदेशात दवाखाना लागला तर. सहल रद्द झाल्याचा आकडा तक्त्यात खाली, बारीक अक्षरात आहे : माणशी ५०० डॉलर. आजच्या भावाने चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये धरा. बुडाले साडेतीन लाख, आणि पाचही क्लेम मंजूर झाले तरी हातात येतील जेमतेम सव्वादोन. बाकीचे गेलेच समजा. आणि हो, टूरवाल्याने परत केलेल्या १ लाख ४० हजारांत विमानाच्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क धरलं आहे का, ते विचारा. भारतीय विमान कंपनीचं तिकीट असेल तर ते रद्द केल्यावर हे पैसे परत द्यायलाच लागतात, 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असलं तरी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे तसा. टूरवाले हे आपणहून सांगत नाहीत. विमा कंपनी मात्र विचारते, कारण दुसरीकडून मिळू शकणारे पैसे ती देत नाही.

पुढचं काम : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. पाच क्लेमच्या पाच तक्रारी, वेगवेगळ्या कागदावर. प्रत्येकीत एकच प्रश्न : कुठल्या कलमाखाली नाकारलं ते क्रमांकासह कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. कंपनीचं अखेरचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकून ठेवा, नाहीतर १५५२५५ ला फोन करा. पण लोकपालाकडे जाताना कागद हवा, फोनवर काय बोलणं झालं याला तिथे किंमत नाही.

विहिरीच्या पायऱ्यांना चुना मारून घ्या. पाऊस अजून जायचाय.

प्रश्न : आम्ही नऊ बायका चिपळूणहून काशीला निघणार होतो. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना मुलाने विम्याच्या चौकोनावर खूण केली होती, माणशी ४५ पैसे. निघायच्या चार दिवस आधी माझे चुलत सासरे वारले. दहा दिवसांचं सुतक, मी जाऊ शकले नाही. माझ्या तिकिटाचे कापलेले पैसे आणि धर्मशाळेला भरलेले पैसे या विम्यातून मिळतील का?
— एक भगिनी, चिपळूण

उत्तर : नाही मिळणार.

हा ४५ पैशांचा विमा अपघाताचा आहे. गाडीला अपघात होऊन मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाखांपर्यंत, जखमी होऊन दवाखान्यात राहावं लागलं तर २ लाखांपर्यंत. तिकीट रद्द होणं यात कुठेच नाही. ४५ पैशांना एवढं मिळतं हेच पुष्कळ आहे. फक्त तिकीट काढल्यावर मोबाइलवर जी लिंक येते ती उघडून वारसाचं नाव भरायचं असतं, आणि ते शंभरातला एखादाच भरत असेल. तुमच्या मुलाला विचारून बघा त्याने भरलं होतं का.

बरं, समजा तुम्ही चांगली हजार-बाराशेची पॉलिसी काढली असतीत, तरी? तरीही नाही. विम्याला सुतक कळत नाही. मृत्यू कळतो, पण कुणाचा ते आधी विचारतो. नवरा, बायको, मुलं, आईवडील, सासू-सासरे, बऱ्याच पॉलिसींत सख्खी भावंडं. संपली यादी. चुलत सासरे म्हणजे आपल्याकडे भावकीतलं मोठं माणूस, देवघराला हात लागत नाही दहा दिवस. कंपनीच्या दृष्टीने तो 'अन्य व्यक्ती'.

या यादीचा फटका मी स्वतः खाल्ला आहे, आणि तो खाताना तोंड उघडायची सोय नव्हती.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर अंदमानला जायचं ठरलं होतं. ऑक्टोबरअखेरची तिकिटं. घटस्थापनेच्या सुमारास आमच्याकडे भातकापणी चालू होती आणि जाऊबाईंना ताप भरला. शेतातल्या पाण्यातून लेप्टो. नऊ दिवस दवाखान्यात होत्या, त्यातले तीन असे की डॉक्टर आमच्याकडे बघायचं टाळत. मोठे दीर थकलेले, मुलगा दुबईला. दवाखान्यात रात्री मी, दिवसा माझे यजमान. घरी आणल्यावरही पंधरा दिवस त्यांना उठवून बसवावं लागे. अंदमान राहिलं. ३१ हजार ४०० रुपये बुडाले, आणि मी निर्धास्त होते, कारण पॉलिसी होती. मी काढलेली पॉलिसी! आयुष्यभर लोकांच्या पॉलिसी वाचल्या मी.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. इंग्रजीत दोन ओळी. 'पतीच्या भावाची पत्नी' ही निकटच्या कुटुंबीयांच्या व्याख्येत येत नाही.

चौतीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने मला न्हाऊ घातलंय. पत्र तिलाच वाचून दाखवलं तर ती पडल्या पडल्या हसली. म्हणाली, म्हणजे मी तुझी कोणच नाही म्हणायचं.

तक्रार केली नाही. कंपनीचं बरोबर होतं. आणि दुसरं कारण असं, की नोकरीत असताना सावंतवाडीच्या एका गृहस्थाचा क्लेम याच कलमाखाली मी नाकारला होता. त्याला मावशीने वाढवलं होतं. त्याने रेशनकार्ड जोडलं होतं, शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून मावशीचं नाव होतं ते जोडलं होतं. मी ते सगळे कागद फाइलला लावले आणि दोन ओळींचं पत्र टाइप करून घेतलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तुमच्यासाठी एवढंच : पॉलिसी घेताना 'कुटुंबीय' या शब्दाची व्याख्या काढून वाचा. ती पुढच्या पानांत नसते, मागे असते. धर्मशाळेला मात्र एक पत्र टाका. सुतकामुळे आलो नाही म्हटल्यावर तारीख बदलून देणारे पुष्कळ असतात. कंपनीला जे कळत नाही ते त्यांना कळतं.

प्रश्न : मालवणजवळ आमच्या पाच खोल्या आहेत, निवास-न्याहारी. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या पाहुण्यांनी तीन खोल्या घेतल्या होत्या, अर्धे पैसे आगाऊ. त्या वर्षी पाऊस आधीच लागला. हवामान खात्याचा इशारा आला, स्कूबा बंद, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद. पाहुणे आले नाहीत आणि आगाऊ रक्कम परत मागू लागले. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, तुमचा विमा असेल ना, त्यातून घ्या. असा विमा असतो का? त्यांच्या विम्यातून त्यांना मिळाले असते का? मी चुकलो का? आणि बुकिंगच्या साइटवर 'फ्री कॅन्सलेशन' असतं, तो विमाच का?
— एक व्यावसायिक, मालवण तालुका

उत्तर : माझ्याकडेही दोन खोल्या आहेत, तेव्हा मी तुमच्या बाजूची आहे हे आधीच कबूल करते.

तुमचा विमा घराचा, फार तर आगीचा, वादळाने कौलं उडाली तर त्याचा. पाहुणा आला नाही याचा तुम्ही काढला नसणार. प्रवास रद्द होण्याचा विमा प्रवास करणाऱ्याने काढायचा असतो. त्यांनी काढला असता तरी मिळाले असते असं मला वाटत नाही. २५ मे २०२५ ला मान्सून देवगडपर्यंत पोचला, एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. लवकर आला हे खरं, पण पाऊस आला एवढंच. पॉलिसीत 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहिलेलं असतं, आणि तिचा अर्थ बहुधा असा लावतात की जाण्याचा रस्ताच बंद पडला, राहण्याची जागा राहण्याजोगी उरली नाही, किंवा सरकारने तिथे जायला मनाई केली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, रेल्वे थांबली, बाजारपेठ बुडाली. त्या दिवशी चिपळुणात खोली घेतलेल्या माणसाला मी क्लेम भर म्हणाले असते. हवामान खात्याचा नारिंगी इशारा, होडी बंद, समुद्र खवळलेला, मुलांचा हिरमोड, यातलं काहीही आपत्तीत बसत नाही. समुद्रातली मजा गेली तरी खोली जागेवर होती, छप्पर गळत नव्हतं, घावणे मिळाले असते.

शिवाय होड्या पावसाळ्यात बंद असतात हे पुण्यातल्या माणसालाही ठाऊक असतं. मेअखेरची तारीख घेणं म्हणजे पावसाशी पैज लावणं.

आणखी एक युक्ती लोक करतात, तीही सांगून टाकते. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी टीव्हीवर आली की रात्रीतून पॉलिसी काढायची. उपयोग नाही. बातमी आधी आणि पॉलिसी नंतर असेल तर त्या वादळापुरती ती पॉलिसी कोरा कागद. क्लेमवाला पहिल्यांदा दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. बुकिंग केल्या दिवशीच पॉलिसी काढावी, ती याचसाठी.

तुम्ही चुकलात का? पैसे परत दिले नाहीत यात चूक नाही. चूक ही, की अट आधी लिहून दिली नव्हती. मी आता आगाऊ रक्कम आली की व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत तीन वाक्यं पाठवते : इतक्या दिवसांआधी कळवलंत तर सगळे परत, त्यानंतर अर्धे, आणि आदल्या दिवशी कळवलंत तर काही नाही, पण सहा महिन्यांत दुसरी तारीख घेता येईल. समोरून 'ठीक आहे' आलं की खोली पक्की. शेवटच्या अटीमुळे भांडण मिटतं. पाहुणे पुढे डिसेंबरात येतात आणि वर काजूगर आहेत का विचारतात. डिसेंबरात ओले काजूगर कुठले, पण ते असो.

'फ्री कॅन्सलेशन'बद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. बुकिंगच्या साइटवर शे-दोनशे रुपये जादा भरून मिळतं ते. तो विमा नव्हे, ती साइटने दिलेली सवलत. कारण विचारत नाहीत, हा तिचा मोठा गुण : सुतक असो, जाऊबाई असो, नुसता कंटाळा असो. पण ठरलेल्या तासाआधी रद्द केलं तरच, आणि काही बिनसलं तर विमा लोकपालाकडे जाता येत नाही. मला विचाराल तर देशातल्या छोट्या सहलीला पॉलिसीपेक्षा हेच बरं.

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो. त्याच्याकडे जाण्यासाठी व्हिसाबरोबर विमा सक्तीचा होता, तो काढला. व्हिसा नाकारला गेला. विमानाची तिकिटं बुडाली. विमा सक्तीचा होता म्हणजे भरपाई मिळायलाच हवी ना?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, सक्ती त्यांच्या सोयीसाठी आहे, तुमच्या नाही. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला, किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो तो तिथे आजारी पडलात तर उपचारांचा आणि परत आणण्याचा खर्च त्यांच्यावर पडू नये म्हणून. प्रवास रद्द होण्याचा भाग त्यात असेलच असं नाही, आणि असला तरी व्हिसा नाकारणं हे कारण बहुतेक पॉलिसींत बसत नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ते कलम जोडून देतात, पुढच्या वेळी तसं मागून घ्या. आत्ता दोन गोष्टी करा. प्रवास झालाच नाही म्हणून नकाराचं पत्र जोडून विम्याचा हप्ता परत मागा, पॉलिसी सुरू व्हायच्या आत मागितलात तर थोडा कापून बहुधा मिळतो. आणि पुन्हा अर्ज कराल तेव्हा आधी तिकीट काढू नका, नुसतं आरक्षण जोडा.

प्रश्न : तुमचं स्वतःचं काय? एवढं सगळं माहीत असताना तुम्ही आता प्रवासाचा विमा काढता का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : काढते. गेल्या फेब्रुवारीत अंदमानला जाऊन आले, राहिलेलं. या वेळी जाऊबाईंना बरोबर घेतलं. आता तिची स्वतःची पॉलिसी, शिवाय माझ्या पॉलिसीत ती सहप्रवासी म्हणून बसते. तिला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, कंपनीच्या नात्यात बसायला मला विमानात बसावं लागलं. सेल्युलर जेलच्या पायऱ्या माझ्याआधी चढली.